घरचा एसी दुकानात का पुरत नाही? गाळा, क्लास, दवाखान्यासाठी वातानुकूलन ठरवण्याच्या पायऱ्या

तळमजल्यावर गाळा घेतला, क्लास किंवा दवाखाना काढायचं ठरलं, की इंटिरिअरवाला एक प्रश्न हमखास विचारतो: ‘दीड टनाचे किती लावू?’ मग क्षेत्रफळ मोजलं जातं. घरच्या बेडरूमला दीड टन पुरतो, त्या हिशेबाने भागाकार होतो आणि मशिनं येऊन भिंतीवर बसतात. पहिला उन्हाळा कसाबसा निघतो. पावसाळ्यात जागा कोंदट होते, तासाभरात मुलं जांभया देऊ लागतात, वीजबिल अंदाजाच्या पुढे जातं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरच्या कटकटी सुरू होतात. दोष मशिनला दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा त्या भागाकारात झालेली असते.

घर आणि धंद्याची जागा यांतला फरक तीन ठिकाणी आहे: उष्णता कुठून येते, ताजी हवा कोण आत आणतं आणि मशिन वर्षाला किती तास धावतं. बाकीचं सगळं, म्हणजे डक्ट, थ्री फेज, देखभालीचा करार वगैरे, या तिन्हींतून आपोआप निघतं. पुढच्या पायऱ्या पाचशे ते तीन हजार चौरस फुटांची जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण सगळ्यात जास्त फसगत याच मापात होते. मोठ्या इमारतीला सल्लागार असतो, घराला दुकानदाराचा सल्ला चालून जातो. मधल्या माणसाला कोणी नसतं.

पहिली पायरी: उष्णतेचा हिशेब मांडा

आधी टनाचं पाहू. एका दिवसात एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॅट. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा हिशेब त्यावर चालतो.

घरात उष्णता मुख्यतः बाहेरून येते. तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, पडदा नसलेली काच. माणसं दोन-चार, दिवे एलईडीचे. म्हणून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला जास्त टन लागतो आणि मधल्या मजल्यावरच्या तेवढ्याच फ्लॅटला कमी. धंद्याच्या जागेत उलट होतं. उष्णतेचा मोठा भाग आतच तयार होतो, आणि तो माणसं, संगणक, दिवे, फ्रीझर, कॉफी मशिन यांच्याकडून येतो.

शांत बसलेला माणूस साधारण ११५ वॉट उष्णता सोडतो. त्यातला बराच भाग श्वासातल्या आणि घामातल्या वाफेच्या रूपात असतो. जिममध्ये व्यायाम करणारा माणूस याच्या कित्येक पट उष्णता सोडतो. त्यामुळे जिम, क्लास आणि कपड्यांचं दुकान सारख्याच क्षेत्रफळाचे असले तरी त्यांना एकच मशिन लावणं बरोबर नाही.

ठाण्यातला एक क्लास घेऊ. सहाशे चौरस फुटांची खोली, दहा फूट उंची, मधला मजला, पन्नास मुलं. माणसांची उष्णता पन्नास गुणिले ११५, म्हणजे पावणेसहा किलोवॅट, सुमारे १.६ टन. दिवे, पंखे, प्रोजेक्टर मिळून एक किलोवॅट, म्हणजे ०.३ टन. भिंती आणि काचा यांचे धरू १.२ टन. बेरीज ३.१ टन झाली, आणि इंटिरिअरवाला म्हणतो, ‘बघा, दीड-दीड टनाचे दोन बसतात की!’ पण या बेरजेत ताजी हवा अजून आलेलीच नाही.

दुसरी पायरी: ताज्या हवेची सोय आधी ठरवा, मशिन नंतर

सगळ्या लेखात मी एकच पायरी ठेवायची ठरवली असती तर ही ठेवली असती.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आउटडोअर युनिट आणि इनडोअर युनिट यांच्यामध्ये तांब्याच्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड होत राहते. घरात हे चालतं, कारण माणसं थोडी असतात, दार उघडझाप होतं, स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते. पन्नास मुलांच्या बंद वर्गात हे चालत नाही. बसलेला माणूस तासाला अठरा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतं. वरच्या क्लासची खोली पूर्ण बंद ठेवली तर गणिताने एका तासात त्यात पाच हजारांहून अधिक भागांची भर पडते. दारं-फटींमुळे प्रत्यक्ष आकडा कमी येतो, पण जांभया, जड डोकं आणि ‘सर, दार उघडू का?’ याचं कारण तेच असतं. थंडावा वाढवून त्यावर उपाय होत नाही.

अमेरिकेतल्या ‘अ‍ॅशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं मानक जगभर वापरलं जातं. त्यात ताज्या हवेचा हिशेब दोन भागांत आहे: दर माणशी काही घनफूट आणि शिवाय दर चौरस फुटाला काही. अशा व्याख्यानवर्गासाठी तो मिनिटाला साधारण चारशे घनफूट, म्हणजे चारशे सीएफएम निघतो. आता ठाण्याची जूनमधली हवा घ्या: तापमान ३३ अंश आणि दमट. ती २४ अंशांवर आणून त्यातलं पाणी काढायला दर शंभर सीएफएममागे जवळपास अर्धा टन क्षमता लागते. म्हणजे नुसत्या ताज्या हवेचे दोन टनांहून थोडे जास्त. बेरीज सव्वापाच टनांपर्यंत गेली. सहाशे चौरस फुटांच्याच फ्लॅटमध्ये चार माणसं राहतात तेव्हा यातली ताज्या हवेची आणि माणसांची रक्कम जवळजवळ नसतेच.

तीन टन लावलेले आणि गरज सव्वापाच टनांची, म्हणजे एप्रिलमध्ये तापमान २८च्या खाली उतरणार नाही. किंवा ताजी हवा अजिबात दिलीच जाणार नाही, आणि बहुतेक ठिकाणी हेच होतं.

‘एक्झॉस्ट फॅन लावू’ हे उत्तर अर्धवट आहे. आतली हवा बाहेर फेकली की तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. ती शौचालयातून, जिन्यातून किंवा शेजारच्या हॉटेलच्या मागच्या बाजूने आली तर काय उपयोग? म्हणून बाहेरची हवा ठरलेल्या जागेतून, जाळी आणि फिल्टरमधून आत ढकलणारा पंखा लावा. ती खोलीत थेट सोडण्याऐवजी शक्य असेल तिथे एसीच्या परतीच्या हवेत मिसळा. माणसं नेहमीच भरपूर असतील तर बाहेर जाणाऱ्या थंड हवेकडून आत येणाऱ्या हवेला गारवा देणारं उष्णता-विनिमय यंत्र मिळतं. त्याला बाजारात ‘ईआरव्ही’ म्हणतात. पैसे आणि छतातली जागा दोन्ही लागतात, पण दमट किनारपट्टीवर ते टनेज खाली आणतं.

तपासायला सोपी युक्ती आहे. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं मीटर घ्या आणि भरलेल्या खोलीत ठेवा. आकडा चढून एका पातळीवर स्थिरावला तर हवा येते आहे. तास संपेपर्यंत चढतच राहिला तर येत नाही.

दवाखान्याबद्दल इथेच थोडं थांबतो. ओपीडीत डॉक्टर आणि खोकणारे रुग्ण एकाच फिरत्या हवेत बसलेले असतात, तिथे ताजी हवा ही आरामाची गोष्ट राहत नाही. शस्त्रक्रियागृहात तर नियम स्पष्ट आहे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथे विंडो किंवा स्प्लिट एसी चालत नाही, कारण तो तीच हवा फिरवतो आणि त्यात जंतू वाढायला न झाकता येणाऱ्या खाचा असतात. तिथे हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कणही अडवणारा), तासाला किमान वीस वेळा हवा बदलणं आणि आसपासच्या खोल्यांपेक्षा जास्त दाब हवा. छोटं नर्सिंग होम काढणाऱ्या डॉक्टरांनी हे काम इंटिरिअरवाल्यावर सोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी पायरी: तास मोजा आणि स्टारचं लेबल त्या तासांनी वाचा

एसीवरचं बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, स्टार लेबल आपण सगळे बघतो. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडाही असतो. तो वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. घरासाठी हे ठीक आहे. दुकान दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालतं, म्हणजे तीन हजार तास. लेबलवरचा आकडा तुमच्यासाठी जवळपास दुप्पट होतो.

याचा एक फायदाही आहे. घरात पाच स्टारच्या मशिनचे जादा पैसे वसूल व्हायला वर्षं लागतात. धंद्याच्या तासांत आणि व्यापारी दराच्या विजेत ते खूप लवकर वसूल होतात. म्हणून दुकानात तीन स्टार घेऊन ‘वाचवलेले’ पैसे प्रत्यक्षात वाचत नाहीत.

अजून दोन गोष्टी. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात बाहेर ४५ असताना तेच मशिन तेवढा थंडावा देत नाही आणि वीज मात्र जास्त घेतं. तिथे क्षमता निवडताना कंपनीचा जास्त तापमानाचा तक्ता मागून घ्या. दुसरं, घरगुती मशिनचं वॉरंटी कार्ड शेवटपर्यंत वाचा. व्यापारी वापरासाठी वॉरंटी कमी किंवा वेगळी असल्याचं त्यात बरेचदा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पूर्वी बिल घराच्या पत्त्यावर करून मशिन दुकानात लावायची पद्धत होती. ते करू नका, तक्रारीच्या वेळी अडचण तुमचीच होते.

चौथी पायरी: तुमचा प्रदेश कोरडा की दमट?

१९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरिअरने यंत्रणा बनवली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात अशी धंद्याच्या गरजेतून आणि दमटपणाच्या त्रासातून झाली. घरं नंतर आली. कोकण, मुंबई, गोवा इथे आजही अर्धी लढाई पाण्याशीच असते.

इथे मोठं मशिन घेतल्यानेही नुकसान होतं. गरजेपेक्षा जास्त टनाचं, ठरावीक वेगाने चालणारं मशिन पाच-सात मिनिटांत खोली गार करून बंद पडतं. तेवढ्या वेळात कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवर, पुरेसं पाणी जमत नाही, हवा गार पण ओलसर राहते. कपड्यांच्या दुकानात मालाला वास लागतो, पुस्तकांच्या दुकानात पानं वाकतात. इन्व्हर्टर मशिन वेग कमी करून सतत चालतं, त्यामुळे हा त्रास कमी होतो, पण तेही भलतं मोठं घेतलं तर थोडाबहुत होतोच. ‘असू दे थोडा जास्त’ हा सल्ला म्हणून स्वीकारू नका.

विदर्भात आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागात वेगळा मार्ग खुला आहे. एप्रिल-मेमध्ये तिथली हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनावरच चांगला गारवा मिळतो. घरचा वाळ्याचा किंवा गवताच्या पॅडचा कूलर याच तत्त्वावर चालतो. मंगल कार्यालय, जिम, वर्कशॉप, शोरूम यांना त्याचं मोठं रूप मिळतं. जाड कागदी पॅडमधून डक्टने हवा सोडायची आणि ती पूर्णपणे बाहेरचीच असल्याने ताज्या हवेचा प्रश्नही सुटतो. वीज एसीच्या तुलनेत फार कमी लागते. पण हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला मोठी मोकळी वाट ठेवावी लागते, आणि पहिला पाऊस पडला की हे काम करणं बंद होतं. म्हणून कार्यालयात जूनचे मुहूर्तही घेणार असाल तर एका छोट्या खोलीला तरी एसी ठेवा.

पाचवी पायरी: यंत्रणा निवडा

एक-दोन लहान खोल्या, माणसं कमी, जसं सीएचं किंवा वकिलाचं कार्यालय: इथे चांगले इन्व्हर्टर स्प्लिट आणि ताज्या हवेचा एक पंखा पुरतो. उगाच खर्च करू नका.

एकच मोठी खोली असेल तर कॅसेट. छतात चौकोनी बसतं, चारही बाजूंना हवा सोडतं. दीड ते चार टनांपर्यंत मिळतं. वरच्या क्लाससाठी मी तीन टनांचे दोन कॅसेट घेईन. सकाळच्या अर्ध्या भरलेल्या बॅचला एकच चालवता येतं आणि एक बिघडला तरी वर्ग बंद पडत नाही. घरात एसी बंद पडला तर आपण पंखा लावतो. क्लासमध्ये, दुकानात, दवाखान्यात त्या दिवशी उत्पन्न बुडतं. हा विचार घरगुती निवडीत नसतो आणि इथे असायलाच हवा.

साडेपाच, साडेआठ, अकरा टनांचे ‘डक्टेबल’ शोरूम, रेस्तराँ, हॉल यांसाठी. मशिन छताच्या वर लपतं, पत्र्याच्या डक्टमधून हवा सगळीकडे जाते आणि ताजी हवा त्यात सहज मिसळता येते. मात्र एकाच थर्मोस्टॅटवर सगळी जागा चालते. काउंटरवर थंडी वाजते आणि काचेजवळ उकडतं, ही तक्रार येतेच.

वेगवेगळ्या वेळी वापरल्या जाणाऱ्या दहा-पंधरा केबिन असतील तर व्हीआरएफ. १९८२ साली जपानच्या डाइकिनने ही पद्धत आणली. एका बाहेरच्या युनिटला अनेक आतली युनिटं जोडता येतात आणि प्रत्येकाला लागेल तेवढाच गॅस जातो. उत्तम यंत्रणा आहे, पण काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. नळ्यांची जोडणी करताना आतून नायट्रोजन सोडला नाही तर काजळी धरते आणि ती पुढे वाल्वमध्ये अडकते. जोडणी झाल्यावर नायट्रोजन भरून किमान एक दिवस दाब धरून ठेवायला सांगा, आणि दाबमापीचे फोटो सुरुवातीला व शेवटी काढा.

मॉल किंवा मोठ्या व्यापारी संकुलात गाळा घेतला तर तुम्हाला एसी घ्यावाच लागत नाही असं होऊ शकतं. तिथे मध्यवर्ती चिलर साधारण ७ अंशांचं थंड पाणी सगळीकडे फिरवतो. तुमच्या गाळ्याच्या तोंडाशी त्याची नळी येते, तुम्ही फक्त पंखा आणि कॉइलचं युनिट लावता आणि वापरलेल्या थंडाव्याचं बिल मीटरने भरता. भाडेकरारात दोन गोष्टी तपासा: तुमच्या गाळ्याला किती टन राखून ठेवले आहेत, आणि संकुल बंद झाल्यावर किंवा सणाच्या दिवशी पाणी सुरू राहतं का. चिलर पाण्याच्या कूलिंग टॉवरवर चालत असेल तर दर टनाला तासाला सहा-सात लिटर पाणी वाफ होऊन जातं. शंभर टनांचा प्लांट दहा तासांत साडेसहा हजार लिटरच्या आसपास पाणी उडवतो. लातूर, धाराशिव, बीडसारख्या ठिकाणी हा प्रश्न विजेपेक्षा आधी विचारावा लागतो. तिथे हवेने थंड होणारा चिलरच बरा, वीज थोडी जास्त लागली तरी.

सहावी पायरी: वीज

घराचं कनेक्शन बहुतेक सिंगल फेज, २३० व्होल्ट. डक्टेबल आणि मोठ्या मशिनना थ्री फेज, ४१५ व्होल्ट लागतं. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती आणि बिगर-घरगुती वर्ग वेगळे आहेत. राहत्या घरात क्लिनिक किंवा क्लास काढून घरच्याच मीटरवर चालवत असाल तर आधी कार्यालयात चौकशी करा. बिगर-घरगुती वर्गात मंजूर भार २० किलोवॅटच्या वर गेला की बिलाची रचनाच बदलते, मागणी आकार, म्हणजे कमाल भाराचं शुल्क, केव्हीएवर लागतो. म्हणून एसीचं टनेज ठरवतानाच एकूण भार मांडा.

सिंगल फेजचे चार-पाच स्प्लिट लावत असाल तर ते तिन्ही फेजवर वाटून द्या. सगळे एकाच फेजवर टाकले की न्यूट्रल तापतो आणि दिवे लुकलुकतात. दीड-दोन टनाच्या प्रत्येक मशिनला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं.

थ्री फेजमध्ये घरात कधी न दिसणारा एक धोका असतो. बाहेर लाइनचं काम झाल्यावर फेजचा क्रम उलटा जोडला गेला तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो. आवाज करतो, थंडावा देत नाही, आणि तसाच चालू ठेवला तर जातो. एक फेज गेला तरी तसंच नुकसान. फेजचा क्रम आणि एखादा फेज जाणं ओळखून मशिन बंद करणारा रिले पॅनेलमध्ये आहे का, हे विचारा. त्याची किंमत कॉम्प्रेसरच्या तुलनेत नगण्य आहे.

सातवी पायरी: आउटडोअर आणि पाणी

तळमजल्यावर दुकानं आणि वर राहणारी कुटुंबं, अशा इमारतीत आउटडोअरवरून होणारी भांडणं सगळ्यांनी पाहिली आहेत. गरम हवा आणि घरघर वरच्या खिडकीत जाते, आणि घरच्या एसीसारखी दुपारी दोन तास नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत. सोसायटीची लेखी परवानगी मशिन घेण्याच्या आधी घ्या. परवानगी गच्चीवर मिळाली तर नळीची लांबी आणि उंची कंपनीच्या मर्यादेत आहे का तपासा. लांब नळीत क्षमता कमी होते आणि तेल कॉम्प्रेसरकडे नीट परत येत नाही.

बंद डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद मोकळ्या जागेत, एकावर एक आउटडोअर टांगू नका. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, मेमध्ये दाब वाढून मशिनं दुपारीच ट्रिप होतात. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने कॉइल खाल्लं जातं. तिथे संरक्षक लेप असलेलं कॉइल घ्या आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुऊन काढा.

पाण्याचा निचरा ही छोटी गोष्ट वाटते, पण फॉल्स सीलिंगवर पडलेले पिवळे डाग बहुतेक तिच्यामुळेच असतात. नळीला पूर्ण लांबीत उतार हवा. डक्टेबल मशिनमध्ये पंखा कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे पाण्याच्या ताटात बाहेरपेक्षा कमी दाब असतो. नळीला यू आकाराचं वळण दिलं नाही तर बाहेरची हवा आत खेचली जाते, पाणी अडतं आणि ताट भरून छतातून ठिबकतं. घरच्या स्प्लिटला हे वळण लागत नाही, म्हणून फक्त घरची कामं केलेला मेकॅनिक ते विसरतो.

आठवी पायरी: डक्टमधून हवा गेली, परत कशी येणार?

डक्टेबल लावताना सगळे जाणाऱ्या हवेच्या जाळ्यांकडे लक्ष देतात, परतीच्या हवेकडे कोणी बघत नाही. साधारण दर टनाला चारशे सीएफएम हवा फिरते. साडेपाच टनांचं मशिन म्हणजे बावीसशे सीएफएम. ती आवाज न करता परत यायला किमान साडेपाच चौरस फुटांची जाळी हवी. वास्तुसजावटीसाठी ती दोन फूट बाय एक फूट केली की मशिन शिट्टी मारतं, हवा कमी होते आणि कॉइलवर बर्फ धरतो. मग मेकॅनिक ‘गॅस कमी आहे’ म्हणून गॅस भरतो. गॅस वापरून संपत नाही हे ध्यानात ठेवा. गळती असेल तरच तो कमी होतो, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. केबिनच्या भिंती छतापर्यंत नेल्या असतील तर प्रत्येक केबिनमधून हवा बाहेर यायला वाट ठेवा.

मशिनच्या खाली जिप्समच्या छतात माणूस अर्धा आत जाऊ शकेल एवढं झाकण हवं. सजावट बिघडते म्हणून ते टाळलेली छतं पुढे सर्व्हिसच्या दिवशी कापावी लागतात.

रेस्तराँच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी स्वयंपाकघरालाच वेगळी द्या. नाहीतर तो हॉलमधली थंड हवा ओढून घेतो आणि तुम्ही रस्त्यावरची हवा थंड करत बसता.

गरम करण्याबद्दल थोडं

महाराष्ट्रात खोली गरम करण्याची गरज थोड्या ठिकाणी आणि थोडे आठवडे असते. नाशिक-पुण्याच्या थंडीत किंवा महाबळेश्वरच्या हॉटेलात उलटा चालणारा ‘हॉट अँड कोल्ड’ एसी पुरतो. तो उष्णता बाहेरून आत आणतो, म्हणून हीटरच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास वीज घेतो. हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय यांचा खरा खर्च आंघोळीच्या पाण्यावर होतो. तिथे खोलीखोलीत गिझर लावण्यापेक्षा मध्यवर्ती हीट पंप आणि जोडीला सौर पाणी हा हिशेब बहुतेकदा जिंकतो.

परदेशात राहणाऱ्यांना फरक दुसऱ्या बाजूने दिसतो. न्यू जर्सीतल्या घराला तळघरात गॅसची भट्टी, बाहेर एक कंडेन्सर आणि भिंतीवर एक थर्मोस्टॅट. तिथेच किराणा दुकान काढलं तर छतावर एक पेटीवजा मशिन बसतं. ते गरम, थंड आणि ताजी हवा तिन्ही देतं आणि बाहेर गारवा असेल तेव्हा कॉम्प्रेसर न चालवता बाहेरचीच हवा आत घेतं. मोठ्या कार्यालयाच्या मधल्या भागाला तर बाहेर बर्फ पडत असतानाही थंडावा लागतो, कारण तिथली उष्णता माणसांची आणि यंत्रांची असते, ऋतूची नसते.

नववी पायरी: ताबा घेताना आणि त्यानंतर

घरी मशिन लावून मेकॅनिक ‘बघा, गार येतंय’ म्हणतो आणि जातो. इथे तेवढ्यावर शेवटचा हप्ता देऊ नका. जागा माणसांनी भरलेली असताना दोन तास चालवून आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या हवेचं तापमान मोजायला लावा. फरक साधारण ८ ते १२ अंशांचा असावा, दमट दिवशी थोडा कमी चालतो. प्रत्येक फेजचा अँपिअर, गॅसचा दाब आणि ताज्या हवेचे सीएफएम एका कागदावर तारखेसह लिहून घ्या, खाली कॉन्ट्रॅक्टरची सही. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला हेच आकडे पुन्हा मोजले की बिघाड व्हायच्या आधीच दिसतो.

एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, दोन प्रकारची असते: सुटे भाग धरून आणि न धरून. भाग धरून घेतली तर कॉम्प्रेसर, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक कार्ड), गॅस आणि कॉइल ही चार नावं करारात लिहिलेली आहेत का ते पाहा, कारण महागडं तेच असतं. न धरून घेतली तर तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल हे लिहून घ्या. घरी वर्षातून दोनदा सर्व्हिस पुरते. रोज दहा तास चालणाऱ्या जागेत फिल्टर दर पंधरा दिवसांनी तुमच्याच माणसाने धुवावा आणि कॉइल, निचरा व आउटडोअर तीन महिन्यांनी तपासून घ्यावं. रस्त्यालगतचं दुकान, सलून किंवा बेकरी असेल तर याहूनही लवकर, कारण धूळ, केस आणि पीठ फिल्टर आठवड्यातच भरून टाकतात.